आज्जीचा पान कुटायचा खलबत्ता

आपल्या बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या घरांत पान कुटायचा छोटा खलबत्ता असायचा. दात पडले म्हणून आज्जीनं पान सोडलं नाही, ती कुटून खायची. कुठं खाटेशेजारी तुळईला दोर बांधलेला असे. तो धरला की तिची ती उठे. ह्या वस्तूंना कुणी यंत्र म्हटलं नाही. पण काम तेच होतं : कुणाला हाक न मारता आपलं आपण करता येणं.

आज अशी साधनं दुकानात मिळतात. पण ती सुचली कुणाला, हे बघण्यासारखं आहे.

जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ स्टेफान फारफ्लर नावाचा घड्याळजी होता. पाय अधू. त्यानं १६५५ साली स्वतःसाठी तीन चाकांची खुर्ची बनवली, हातानं दांडा फिरवून चालणारी. पुढं अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातानं अधू झाला. जड खुर्ची मोटारीत मावेना. मग १९३०च्या दशकात हॅरी जेनिंग्ज ह्या इंजिनियर मित्राबरोबर त्यानं घडी घालायची हलकी खुर्ची केली. दवाखान्यात आज तिचीच भावंडं दिसतात.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. बेट्सी फार्बर ह्या बाईला संधिवात, सफरचंद सोलताना सोलणी हातात धरवेना. तिचा नवरा सॅम भांडीकुंडी विकणाऱ्या धंद्यातला. त्यानं जाड, मऊ रबरी मुठीची सोलणी करून घेतली आणि १९९० साली बाजारात आणली. धडधाकट बायकांनीही ती उचलली. बटाटा आपल्यात चालत नाही, पण दुधी सोलताना हात कुणाचे दुखत नाहीत?

आपल्याकडचा जयपूर फूट १९६८चा. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांचं ते काम. परदेशी पायाला बूट लागायचा, मांडी घालता यायची नाही. आपल्या माणसाला तर देवळात अनवाणी जायचं, शेतात चिखल तुडवायचा, पाटावर बसायचं. तसा पाय त्यांनी घडवला. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत देते.

ह्या सगळ्यांत एक सारखेपणा दिसतो. ज्याला नडलं, त्याला विचारून वस्तू झाली.

आपण नेमकं हेच विसरतो. मुलं पुण्या-बेंगळुरात, आई इथं एकटी. काळजीपोटी पहिल्यांदा घरात कॅमेरा लागतो. कॅमेऱ्यात आई पडलेली दिसेल, पण तिला धरणार कोण? न्हाणीत पक्क्या स्क्रूनं बसवलेला दांडा धरील. टॉवेलची दांडी नव्हे, ती वजनानं उपटून येते. पाय घसरणार नाही अशी चटई, रात्री उठताना आपोआप लागणारा दिवा, उंच कमोड, ह्याला फार पैसे पडत नाहीत.

आणि तिला काय हवंय? पाणी आपल्या हातानं गाळून प्यावं, दिवस मावळायच्या आत जेवावं, सकाळी बस्तीला चालत जावं. दुसऱ्याच्या सवडीवर राहिलं की पहिल्यांदा नेम मोडतो. बाई म्हातारपणी बोलत नाही, गुपचूप उपाशी झोपते. म्हणून मला हा प्रश्न नुसत्या सोयीचा वाटत नाही, तो तिच्या मानाचा आहे.

दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, कानाचं यंत्र, कवळी मोफत देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन नंबरही आहे, त्याला पैसे पडत नाहीत. शेजारच्या अक्कांना तो मोठ्या अक्षरात लिहून द्या.

आणि काही विकत आणायच्या आधी विचारा, ‘अव्वा, तुला नडतंय कुठं?’ उत्तर यायला वेळ लागतो. तेवढं थांबायचं.