लघवीची नळी आणि हृदय

आमच्या सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे टाळकरी, अभंग लिहून ठेवणारे आणि व्यवसायाने तेली. तेल्याच्या गावचा लॅब टेक्निशियन म्हणून मला तैलबिंदू परीक्षेचं विशेष कौतुक. ‘योगरत्नाकर’ ग्रंथात ती सांगितली आहे. पहाटेची लघवी, तीही पहिली धार सोडून, काचेच्या भांड्यात घ्यायची. उजाडल्यावर गवताच्या काडीने तिच्यावर तेलाचा थेंब सोडायचा. पसरला तर रोग बरा होणारा, जागीच राहिला तर कष्टाचा, बुडाला तर वैद्याने आशा सोडावी. निदान म्हणून यावर मी विसंबणार नाही. पण पहिली धार सोडा, हे नोकरीभर मीही सांगत आलो.

आमची परीक्षा विस्तवाची. मावळातल्या सरकारी दवाखान्यात मी लागलो तेव्हा लघवी तपासायच्या स्ट्रिपा कधी असत, कधी नसत. स्पिरिटचा दिवा मात्र कायम. नळी पाऊण भरायची, तिरपी धरायची आणि फक्त वरचा भाग उकळायचा. खालची लघवी नितळ राहते, तिच्याशी वरची ताडून बघायची. गढूळ झाली की अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे दोन-चार थेंब. गढूळपणा गेला तर फॉस्फेट, राहिला तर प्रथिन. मग नोंदवहीत ट्रेस, एक प्लस, दोन प्लस. सगळ्यात जास्त नमुने गरोदर बायांचे, कारण लघवीत प्रथिन दिसलं की त्यांना झटके येण्याची धास्ती.

ही रीत जुनी. नेपल्सच्या कोतुन्यो नावाच्या डॉक्टराने 1764 मध्ये अंगावर सूज आलेल्या सैनिकाची लघवी तापवली, तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट मेणबत्तीवर चमचा धरून हेच करत. सूज, असली लघवी आणि खराब मूत्रपिंडं यांची सांगड त्यांनी 1827 मध्ये घातली. हे पुस्तकात असतं. 1836 चा त्यांचा तक्ता मात्र फारसा कुणी शिकवत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. अशा 100 रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांचं हृदय वाढलेलं होतं. रिवा-रोचींचं रक्तदाब मोजायचं यंत्र यायला अजून साठ वर्षं होती. तरी ब्राइटनी तर्क केला, की बिघडलेलं रक्त बारीक वाहिन्यांतून ढकलताना हृदयाला जादा जोर लावावा लागत असणार.

पुढे दीडशे वर्षं लघवीतलं प्रथिन म्हणजे किडनी, एवढंच डोक्यात बसलं. 1984 मध्ये डेन्मार्कच्या मोगेनसेननी दाखवलं, की ज्या मधुमेहींच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन किंचित जातं ते लवकर दगावतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात तर घरोघर पोस्टाने बाटल्या पाठवून सुमारे 40 हजार लोकांची लघवी जमवली. 2002 मध्ये निष्कर्ष आला: अल्ब्युमिन जितकं जास्त, तितके हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू जास्त. कारण असं मानतात, की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सगळ्या शरीरात बिघडत असतं. मूत्रपिंडात ते गळतीतून आधी कळतं.

अल्ब्युमिनची ही किंचित गळती दिवसाला 30 ते 300 मिलिग्रॅमची. उकळलेली नळी आणि साधी स्ट्रिप यांच्या हातून त्यातली बरीच निसटते. म्हणजे नोंदवहीतलं ‘निल’ खोटं नव्हतं, अपुरं होतं.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी करून घ्या. रिपोर्टवर ‘एसीआर’ लिहिलेलं असतं. ताप, जंतुसंसर्ग किंवा जोराच्या व्यायामाने आकडा तात्पुरता वाढतो, तेव्हा एका रिपोर्टवर घाबरू नका, पुन्हा तपासा.