वायूने भरलेला फुगा वर का जातो आणि खाली का येतो?

जत्रेतील फुगेवाल्याकडून घेतलेला फुगा हातातून सुटताच आकाशात जातो. तोंडाने फुगवलेला तसाच फुगा मात्र जमिनीवर उतरतो. याचे कारण म्हणून ‘हलका वायू वर जातो’ असे सांगितले जाते. हे उत्तर अपुरे आहे. कोणत्याही वायूला वर जाण्याची स्वतःची ओढ नसते. गुरुत्वाकर्षण हायड्रोजनलाही खालीच खेचते. फुग्याला वर ढकलते ती भोवतालची हवा.

हवेचा दाब उंचीनुसार कमी होत जातो. त्यामुळे फुग्याच्या तळावरील दाब माथ्यावरील दाबापेक्षा किंचित अधिक असतो. या फरकातून वरच्या दिशेने प्लावक बल निर्माण होते. फुग्याने जितकी हवा बाजूला सारली, तितक्या हवेच्या वजनाएवढे हे बल असते. आर्किमिडीजने पाण्याबाबत सांगितलेला नियम हवेलाही लागू पडतो, तो असा. फुग्याचे एकूण वजन, म्हणजे आतील वायू, रबर आणि दोरा यांचे मिळून वजन, या बलापेक्षा कमी असेल तर फुगा वर जातो. अधिक असेल तर खाली येतो.

शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि समुद्रसपाटीवरील दाबाला एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२९ ग्रॅम, हायड्रोजनचे ०.०९ ग्रॅम, हेलियमचे ०.१८ ग्रॅम, तर कार्बन डायऑक्साइडचे १.९८ ग्रॅम असते. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल फुगा सुमारे १४ लिटर, म्हणजे १८ ग्रॅम हवा बाजूला सारतो. त्यात हेलियम भरल्यास वायूचे वजन अडीच ग्रॅम होते. रबराचे तीन-चार ग्रॅम धरले, तरी सुमारे १२ ग्रॅम उचल शिल्लक राहते. तोंडाने फुगवलेल्या फुग्यातील हवा बाहेरच्या हवेएवढीच जड असल्याने रबराचे वजन पेलायला काहीच उरत नाही.

याच आकड्यांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. हेलियम हायड्रोजनच्या दुप्पट जड आहे. परंतु त्याची उचल निम्मी होत नाही. उचल ठरते ती हवा आणि वायू यांच्या वजनातील फरकावर. हायड्रोजनचा एक लिटर १.२० ग्रॅम उचलतो, तर हेलियमचा १.११ ग्रॅम. म्हणजे हेलियम वापरल्याने उचल केवळ सात-साडेसात टक्क्यांनी घटते. हायड्रोजन मात्र हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळला असता लहानशा ठिणगीनेही पेट घेतो. हेलियम जळतच नाही.

जॅक चार्ल्स यांनी २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमधून हायड्रोजनचा फुगा सोडला, तेव्हा हेलियमचा शोधही लागलेला नव्हता. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज जळून ३६ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा हेलियम उपलब्ध होता. परंतु त्याचा साठा प्रामुख्याने अमेरिकेकडे होता आणि निर्यातीवर निर्बंध होते. मूळ आराखडा हेलियमसाठी असूनही त्या जहाजात हायड्रोजन भरण्यात आला होता.

वर गेलेला फुगा खाली का येतो, याची कारणे फुग्याच्या प्रकारानुसार निरनिराळी आहेत. घरातील रबरी फुग्यातून हेलियमचे सूक्ष्म अणू रबराच्या रंध्रांतून निसटत राहतात. आकारमान घटते, रबराचे वजन तेवढेच राहते आणि एखाद्या दिवसात फुगा जमिनीवर येतो. धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या फुग्यातून ही गळती फार मंद असते.

हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या फुग्याची कथा वेगळी आहे. मुंबई, नागपूर, पणजी येथूनही असे फुगे सोडले जातात. वर हवा विरळ होते, तसतसा हा फुगा प्रसरण पावतो आणि त्यामुळे त्याची उचल जवळपास कायम राहते. ३० किलोमीटर उंचीवर दाब जमिनीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास उतरतो आणि फुग्याचा व्यास सुमारे चौपट होतो. अखेर रबर फाटते आणि उपकरण हवाई छत्रीने खाली येते.

हैदराबाद येथून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडत असलेले पॉलिथिनचे मोठे फुगे ताणले जात नाहीत. पूर्ण फुगल्यावर जादा वायू तळाच्या वाटेने बाहेर पडतो आणि वजन व प्लावक बल समान झाले की फुगा त्या उंचीवर तरंगत राहतो. सूर्यास्तानंतर वायू थंड होऊन आकसतो व फुगा उतरू लागतो. तेव्हा सोबतचे वजन टाकून त्याला सावरावे लागते.

स्वस्त पडतो म्हणून खेळण्यातील फुग्यांत आजही काही ठिकाणी हायड्रोजन भरला जातो. जुनाट सिलिंडरमध्ये रसायनांपासून तो जागीच तयार करताना स्फोट होऊन फुगेवाले व मुले दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. फुगा घेताना त्यात कोणता वायू आहे हे विचारून घ्यावे आणि सांगता येत नसेल तर तो पेटत्या मेणबत्तीजवळ, उदबत्तीजवळ किंवा बंद गाडीत नेऊ नये. हेलियम जळत नसला, तरी आवाज बदलण्याच्या गमतीसाठी तो हुंगणेही धोक्याचे आहे. फुप्फुसातील प्राणवायूची जागा तो घेतो.