कौटुंबिक संवाद आणि बालकांची सामाजिक सर्जनशीलता

घरातली मोठी माणसे मुलांशी कशी बोलतात आणि ती मुले चारचौघांतल्या अडचणींतून कोणती नवी वाट काढतात, यांतील संबंध. सामाजिक सर्जनशीलता म्हणजे भांडण, वगळले जाणे, अन्याय अशा माणसामाणसांतल्या पेचावर नवा आणि चालण्याजोगा तोडगा सुचणे. चित्र-कवितेतली प्रतिभा हा निराळा विषय. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, ही ‘लिंबूटिंबू’ची सोय बहुधा मुलांचीच निर्मिती.

घरच्या बोलण्याची मांडणी अमेरिकी संशोधक जॅक मॅक्लाउड व स्टीव्हन चाफी यांनी 1970 च्या दशकात केली; मेरी ॲन फिट्झपॅट्रिक आदींनी ती पुढे नेली. मोकळी चर्चा किती होते हा तिचा एक निकष, वडीलधाऱ्यांच्या मताशी जुळवून घेण्याचा आग्रह किती हा दुसरा. दोन्ही एकाच घरात जोरात असू शकतात. या विषयावरचे अभ्यास बहुतेक सहसंबंधच दाखवतात. बोलकी मुलेच घराला बोलते करत असतील, हेही शक्य आहे.

ही मांडणी एकत्र राहणारे कुटुंब गृहीत धरते. वरंधा घाटाच्या पायथ्याच्या वरंधसारख्या महाड-पोलादपूरच्या गावांत ते गृहीत अनेकदा टिकत नाही. कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत, आजी-आई-मुले गावात. भेट गणपतीत आणि शिमग्यात. अशा घरात गप्पा आजीशी आणि निर्णय मुंबईहून, म्हणजे चर्चा व हुकूम दोन वेगळ्या तोंडांतून येतात. निरोप पोचवणारे मूल कोणते वाक्य कोणाला कसे सांगावे हे लवकर शिकते. एरवी चहाडी म्हणून हिणवले जाणारे हे कौशल्य खरे तर याच विषयात मोडते.

अशा सर्जनशीलतेचे महाड तालुक्यातले ठळक उदाहरण रामचंद्र बाबाजी मोरे (जन्म 1903) यांचे. महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारल्यावर त्यांनी लहान वयातच लेखी तक्रार केली आणि प्रवेश मिळवला. दांडगाई नाही, रडणे नाही. मोठ्यांचेच हत्यार मुलाने उचलले. ते कुठून आले असावे? तालुक्यात निवृत्त महार सैनिकांची साक्षर घरे होती. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. त्यांनी 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि 1890 च्या दशकात सैन्यभरतीसाठी सरकारकडे अर्जही केला. अशा घरांत अर्ज-विनंतीची भाषा मुलांच्या कानांवर पडत असणार. हा संबंध अनुमानाचा आहे. पुढे मार्च 1927 मध्ये महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या प्रमुख आयोजकांत मोरे होते. त्याच परिषदेतून 20 मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.