‘माइन’ : खाण, सुरुंग आणि ‘माझे’

इंग्रजीतील ‘माइन’ हा शब्द शाळेत प्रथम भेटतो तो ‘माझे’ या अर्थाने. पुढे तेच अक्षरलेखन व तोच उच्चार खाणीसाठी येतो आणि युद्धाच्या बातमीत सुरुंगासाठी. बहुतेक ठिकाणी संदर्भ पाहिला की अर्थ उलगडतो. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा मात्र याला अपवाद आहे. तेथे मँगनीज व तांब्याच्या मोठ्या खाणी आहेत, हा जिल्हा दीर्घकाळ नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला, आणि गोंदियाला लागून असल्याने तेथे हिंदीच्या शेजारी मराठीही नांदते. त्यामुळे ‘बालाघाट माइन ब्लास्ट’ एवढ्या तीन शब्दांचा मथळा मराठीत आणताना उपसंपादकाला थांबावेच लागते. हा खाणीत रोज होणारा नियोजित स्फोट, खाणीतील अपघात, की रस्त्यात पेरलेला भूसुरुंग? त्यातच भरवेलीच्या मँगनीज खाणीचे अधिकृत नावच ‘बालाघाट माइन’ असे आहे. खाणीत पाळीवर गेलेल्या माणसाच्या घरी ही बातमी वाचली जाते, तेव्हा शब्दाची चूक केवळ भाषेची राहत नाही.

एक उच्चार, दोन कुळे

‘माझे’ या अर्थाचा ‘माइन’ जुन्या इंग्रजीतील आहे. खाणीचा ‘माइन’ फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ केल्टिक भाषांत असावे, असे मानले जाते. पोर्तुगीजमधील ‘मिना’ हा त्याचाच नातलग. ‘मिनरल’ हा शब्दही याच घराण्यातला. ‘खण्’ या धातूपासून आपल्याकडे जसे खाण, खनिज आणि खनन झाले, तसेच हे.

सुरुंगाचा अर्थ या दुसऱ्या शब्दाला लढाईने दिला. किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणायचे आणि तट खचवायचा, ही वेढ्याची जुनी रीत. पुढे त्या भुयारात दारू ठासली जाऊ लागली आणि भुयाराचे नाव स्फोटकाला चिकटले. नेमका हाच प्रवास आपल्या ‘सुरुंगा’ने केला आहे. संस्कृतमधील ‘सुरुङ्गा’ म्हणजे भुयार. हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्रात आढळतो आणि तो ग्रीकमधून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. लाक्षागृहातून पांडव निसटले ते विदुराने पाठवलेल्या खनकाने खोदलेल्या अशाच भुयारातून.

सुरंग नव्हे सुरुंग

येथे मराठी आणि हिंदीच्या वाटा वेगळ्या होतात. हिंदीत ‘सुरंग’ म्हणजे आजही बोगदा. स्फोटकासाठी तेथे ‘बारूदी सुरंग’ म्हणावे लागते. मराठीत भुयाराचा अर्थ मागे पडला आणि ‘सुरुंग’ म्हटले की विहिरीचा कातळ फोडणारा स्फोट आठवतो. म्हणून ‘सुरंग में मज़दूर फँसे’ या हिंदी वाक्यातील मजूर मराठीत ‘बोगद्यात अडकले’ पाहिजेत. ‘सुरुंगात अडकले’ असे लिहिल्यास अपघाताचे स्वरूपच बदलते. जमिनीत पेरलेल्या स्फोटकासाठी ‘भूसुरुंग’, समुद्रातील स्फोटकासाठी ‘पाणसुरुंग’ आणि खनिज काढण्याच्या जागेसाठी ‘खाण’ असा भेद ठेवला की ‘माइन ब्लास्ट’चा पेच सुटतो. पहिल्या वृत्तातून काहीच स्पष्ट होत नसेल, तर खात्री होईपर्यंत मथळा रोखावा.

गोव्याच्या वाचकासाठी आणखी एक खुलासा. आपल्या डोळ्यांपुढे ‘खाण’ म्हटले की उघडा, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला डोंगर येतो. बालाघाटमधील मलाजखंडची तांब्याची खाण अशीच उघडी म्हणून वाढली. भरवेलीत मात्र मँगनीजसाठी जमिनीखाली खोल उतरावे लागते. तेव्हा बातमीत ‘भूमिगत खाण’ हा शब्द आवर्जून यावा.

वाक्प्रचारांचे काय?

‘अंडरमाइन’ हे क्रियापद तटाखालच्या त्याच भुयारातून आले. त्यासाठी मराठीत दोन उत्तम पर्याय आहेत. हेतुपुरस्सर घाव असेल तर ‘सुरुंग लावणे’, आणि हळूहळू आतून होणारा क्षय असेल तर ‘पोखरणे’. सर्वत्र ‘कमकुवत करणे’ लिहिण्याची गरज नाही.

‘गोल्ड माइन’ला प्रसंगानुसार ‘सोन्याची खाण’ चालते. पण चांगल्या मिळकतीच्या धंद्याला ‘सोन्याची कोंबडी’ अधिक शोभते. ‘माइन ऑफ इन्फर्मेशन’ म्हणजे माहितीचे भांडार. ‘खाण’ मराठीत गुणांची, रत्नांची वा लावण्याची असते आणि ‘खाण तशी माती’ ही म्हण तर वंशाचाच हिशेब सांगते. ‘माइनफिल्ड’ला लाक्षणिक अर्थाने ‘निसरडी वाट’ पुरते. कोळशाच्या खाणीतील कॅनरी पक्षी मात्र शब्दशः आणू नये. ब्रिटनमधील खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी १९८६पर्यंत हे पक्षी वापरले जात. आपल्या वाचकाला ‘धोक्याची पहिली सूचना’ म्हटलेले पुरे.

आणि शेवटी ‘माझे’

यंत्राकडून केलेल्या भाषांतरात ‘माइन’चे ‘माझे’ झालेले पाहून हसू येते. तरी खाणींच्या इतिहासात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बालाघाट, भंडारा, नागपूरच्या मँगनीजचा कारभार १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश कंपनीकडे होता. १९६२मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ स्थापन होऊन तिचे ५१ टक्के भाग केंद्र सरकार, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राकडे आले. उरलेले ४९ टक्के केंद्राने १९७७मध्ये घेतले. गोव्यात पोर्तुगीज काळातील खाण सवलतींचे १९८७च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतर झाले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणबंदीची झळ सोसलेल्या अवलंबितांना ‘खाण कोणाची?’ हा प्रश्न शब्दकोशातून शिकावा लागत नाही. इंग्रजीत ‘माइन’चे हे दोन अर्थ योगायोगाने एका अक्षरलेखनात आले. मराठीत ते वेगळे आहेत, आणि लिहिताना ते वेगळेच ठेवावेत.