ओली दारू आणि बेलहेल्व्हीचा पाद्री

बंदुकीच्या इतिहासाकडे आपण बहुधा रणांगणाच्या बाजूने पाहतो. पण तिच्यातली एक मोठी क्रांती बदकांच्या शिकारीतून आणि पावसाच्या जाचातून झाली, हे आम्हांस अधिक सांगण्याजोगे वाटते.

अठराव्या शतकातील युरोपी शिकाऱ्याची बंदूक तोंडाकडून भरावयाची आणि चकमकीवर उडवावयाची. नळीत दारू व छर्रे ठासून झाले की कानाशेजारच्या पोलादी वाटीत चिमूटभर रंजक घालावयाची. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादी झडपेवर आपटे, ठिणग्या रंजकेत पडत आणि ती ज्वाला कानातून आत शिरली म्हणजे बार उडे. हा सारा खटाटोप उघड्या हवेत! एक थेंब वाटीत गेला की शिकाऱ्याच्या हाती नुसती काठी उरली. शिवाय बार झाल्यावर नळीत व वाटीत उरणारी राख पाणी ओढून घेते. दमट हवेत तिचा काळा चिखल होतो. म्हणून शिकारी रंजक वारंवार बदलीत, वाटी पुसून घेत, कळेवर तेलावलेल्या चामड्याचे झाकण बांधीत, नळीच्या तोंडात बूच ठोकीत. काहीच जवळ नसेल तेव्हा कळ काखेत दाबून चालत. एवढे करून पक्षी दिसला की झाकण काढावे लागे, आणि पाऊस तर त्याच क्षणाची वाट पाहत असे.

स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या उत्तरेस, समुद्राकाठी, बेलहेल्व्ही नावाचा गाव आहे. तेथील पाद्री अलेक्झांडर जॉन फोर्साइथ (जन्म १७६८) हा बापामागून १७९१ साली त्याच जागी आला. धर्मोपदेश, रसायन आणि शिकार या तिहींची त्याला सारखीच ओढ होती. (उपासकांची याबद्दल तक्रार नसावी!) पाणपक्षी वाटीतला भडका पाहून छर्रे पोहोचण्याआधीच बुडी मारतात, हे त्याच्या ध्यानी आले. प्रथम त्याने कळेवर टोपण बसवून पाहिले. मग भडकाच नको, या विचाराने तो आघाताने पेटणाऱ्या स्फोटक क्षारांकडे वळला. अत्तराच्या कुपीसारखी एक डबी त्याने कळेवर बसविली. ती फिरविली की स्फोटक भुकटीचे थोडे कण कानापाशी येत आणि घोड्याच्या ठोक्याने पेटत. ठिणगीची वाट पाहणे संपले आणि रंजक पावसात उघडी टाकणेही संपले.

१८०६ साली त्याला लंडनच्या टॉवरमध्ये प्रयोगांसाठी जागा मिळाली. पण तोफखाना खात्याचे प्रमुख बदलले आणि नव्या प्रमुखांनी त्याला आपले सामानसुमान उचलावयास सांगितले. ११ एप्रिल १८०७ रोजी त्याने एकस्व मिळविले. पुढे तांब्याची टोपी निघाली. आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीच्या कानावर बसते तीच ही. तिचा जनक कोण, यावर अनेकांचे दावे आहेत. त्या भांडणात आम्ही शिरत नाही. टोपीनेही सगळे साधले असे मात्र नाही. नळीत आधीच दमटलेली दारू कोणत्याही टोपीने पेटत नाही, आणि तो काळा चिखल तर तसाच राहिला.

शिकाऱ्यांनी हे तत्त्व लौकर उचलले. सरकारला वेळ लागला. १८३४ साली वुलिच येथे सर्व प्रकारच्या हवेत दोन्ही जातींच्या बंदुकांतून प्रत्येकी ६,००० बार काढण्यात आले. गारगोटीच्या बंदुका ९२२ वेळा फसल्या, टोपीच्या अवघ्या ३६ वेळा. एवढा ढळढळीत पुरावा समोर असूनही जुनी हत्यारे एकदम गेली नाहीत, आणि ती कोणाच्या खांद्यावर राहिली हे पाहण्यासारखे आहे. मे १८४१ च्या अखेरीस चीनमध्ये कँटनजवळ मुसळधार पावसात ३७ व्या मद्रास पलटणीची एक तुकडी वाट चुकली. चिनी गावकऱ्यांनी तिला वेढले. शिपायांच्या गारगोटीच्या बंदुका भिजून मुक्या झाल्या होत्या. केवळ संगिनींच्या बळावर ते अंधार पडेपर्यंत तग धरून राहिले. त्यांना शोधावयास गोऱ्या आरमारी सैनिकांच्या तुकड्या पाठविण्यात आल्या. त्यांच्यापाशी टोपीच्या बंदुका होत्या, आणि त्या त्याच पावसात उडाल्या.

त्या वर्षी फोर्साइथ बेलहेल्व्हीतच होता. १८४३ साली तो वारला. सरकारकडून त्याच्या शोधाचा मोबदला आला तो उशिरा, आणि तोही तुटपुंजा.