राजीनामा : एका शब्दाची कुळकथा

आज राजीनामा म्हटला की पद सोडल्याचा कागद एवढेच आमच्या मनात येते. जुन्या मराठी दप्तरांत मात्र हा शब्द सोडण्याचा नव्हे, बांधून घेण्याचा आहे. 'राजी' म्हणजे संमत आणि 'नामा' म्हणजे लेख.

पेशवाईत पुण्यास रामशास्त्री प्रभुणे न्यायासनावर होते खरे. परंतु वतनाचे, वाटणीचे, शिवेचे तंटे गोताने अथवा पंचांनी तोडावेत हीच रूढ रीत होती. पंचांपाशी शिपाई नव्हता, तुरुंग नव्हता. मग हरलेल्याने निवाडा मानावा का? वाद ऐकण्यापूर्वीच वादी व प्रतिवादी, पंच ठरवतील ते आम्हांस मान्य, असे लिहून देत आणि त्या शब्दाला जामीन देत. हाच राजीनामा. मग तकरिरा होत, साक्षी होत. साक्षीदारास देवळात नेऊन, हाती बेलभंडार देऊनही बोलते करीत. गोतसभेचा निर्णय असला तर महजर होई, व त्यावर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या हत्यारांची चिन्हे उमटत. अखेरीस हरलेला येजितखत लिहून देई : या वस्तूशी माझा संबंध उरला नाही. (असे लिहून देणाऱ्याच्या मनात काय कालवाकालव होत असेल!)

यात सरकार नव्हतेच असे मात्र नाही. जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकार घेईच, आणि निवाडपत्राला बळ येई तेही सरकारी शिक्क्याने. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायती राखाव्यात असा अभिप्राय दिला. तरी अदालती स्थिरावल्यावर त्यांचा जोर ओसरला. पुढे इंग्रजी अमलात जमीन सोडणाऱ्याने राजीनामा व घेणाऱ्याने कबुलायत द्यावी अशी वहिवाट पडली. 'सोडणे' हा अर्थ तेथूनच चिकटला असावा, असे आम्हांस वाटते.

आमची शंका निराळीच आहे. ज्याला नकार देता येतो त्याचीच संमती खरी. निराधार विधवेने भाऊबंदांच्या गराड्यात दिलेला राजीनामा कितपत राजीखुशीचा? जातपंचायतीच्या धाकाखाली दिलेल्या होकाराचीही तीच गत. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो याच दुखण्यावर. लवादाच्या १९९६ च्या कायद्यातही उभय पक्षांचा लेखी करार आधी लागतो, आणि ती संमती फसवणुकीने अथवा दडपणाने घेतली असल्यास तिला न्यायालयात आव्हान देता येते.