ग्रामोफोनचा वेग आणि गवयाची पट्टी

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात बसून जपानी यंत्रावर लिहायचे म्हणजे जरा गंमतच. पण तबकड्या पुन्हा विकल्या जाऊ लागल्या आहेत. २०२४ साली तर मुंबईजवळ त्या छापण्याचा कारखानाही सुरू झाला. शहरातली हौशी मंडळी त्यासाठी ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ टर्नटेबल शोधतात. ही श्रीमंतांची हौस आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला मात्र यात आपल्या गाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे काही दिसते.

चावीचा ग्रामोफोन ज्यांनी ऐकला आहे त्यांना आठवत असेल, स्प्रिंग सैल पडू लागली की गाणे रेंगाळायचे. नुसते रेंगाळायचे नाही, तर खाली उतरायचे. गायिकेचा गायक व्हायचा! पुढे सेलवर चालणारे प्लेअर आले. त्यांचेही सेल उतरले की सूर उतरे. गणित सोपे आहे. वेग सुमारे सहा टक्के कमी झाला की सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ७३-७४ फेऱ्यांनी फिरली, तर काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी एकमध्ये गाऊ लागतो. तबकड्या ऐकून एकलव्यासारखे शिकलेले कितीतरी लोक आपल्याकडे होऊन गेले. त्यांनी कोणती पट्टी ऐकली असेल, कोण जाणे.

विजेवरच्या साध्या यंत्रात मोटर भराभर फिरते आणि रबरी चाक किंवा पट्टा तो वेग कमी करून थाळीला देतो. रबर झिजते, पट्टा सैलावतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीने हे मधले सगळे काढूनच टाकले. थाळी थेट मोटरच्या दांड्यावर बसवली आणि मोटरच संथ फिरवली. ‘टेक्निक्स’ या नावाने त्यांचे एसपी-१० हे यंत्र १९७० साली बाजारात आले, एसएल-१२०० हे १९७२ साली. १९७९ च्या ‘मार्क टू’मध्ये क्वार्ट्झचा स्फटिक, घड्याळात असतो तसाच, वेगावर पहारा ठेवू लागला. शिवाय एक सरकती पट्टी दिली, तिने वेग आठ टक्के वरखाली करता येई.

ही यंत्रे जगवली मात्र डीजे लोकांनी. हाताने तबकडी धरावी, मागेपुढे करावी, सोडताच तिने लगेच वेग घ्यावा, हे पट्ट्याच्या यंत्राला जमत नाही. डीजेंचा गोंगाट मला सोसत नाही, पण हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. २०१० साली कंपनीने उत्पादन थांबवले. २०१६ साली यंत्र परत आले ते नव्या, लोखंडी गाभा नसलेल्या मोटरीसह, कारण थेट मोटरीला बसणारे बारीक हिसके कानाला जाणवतात, अशी जाणकारांची जुनी तक्रार होती. किंमत ४००० डॉलरच्या घरात! २०१९ साली त्यामानाने स्वस्त ‘मार्क सेव्हन’ आले.

आता आपल्या कामाची गोष्ट. १९७९ च्या यंत्रात ७८ चा वेग नव्हता. नव्या यंत्रांत तो आहे, आणि वेग सोळा टक्क्यांपर्यंत वरखाली करता येतो. म्हणजे साधारण ६५ पासून ९० फेऱ्यांपर्यंत. हे का हवे? कारण सुरुवातीच्या काळात ७८ हा आकडा पक्का ठरलेलाच नव्हता. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ साली ध्वनिमुद्रण केले, त्या काळच्या तबकड्या नेमक्या किती वेगाने कोरल्या गेल्या हे तबकडीवरून सहज कळत नाही. आपण डोळे मिटून ७८ वर लावतो आणि आवाज चढा किंवा दबका ऐकतो.

१९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली, तिच्यासारख्या संग्राहकांमुळे अशा तबकड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या. त्या वाजवायच्या तर एलपीची सुई चालत नाही. खाच रुंद असते, तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते. जुनी पोलादी सुई तर प्रत्येक बाजूला बदलावी लागे, तरी तबकडी खरवडली जाईच.

सुई झाली, वेग ठेवणारे यंत्र झाले. पण खरा वेग कोणता, हे यंत्र सांगत नाही. साथीच्या पेटीची पट्टी, गवयाची माहीत असलेली पट्टी, शब्दांतले स्वर नैसर्गिक वाटतात की ओढल्यासारखे, एवढ्यावरूनच ते ठरवायचे, आणि दोन जाणकार बसले की तिथेही वाद होतोच.